उजवा पाय मागे

ती. दादांना,

दोन्ही पाय जुळवून नमस्कार. (पाय जुळवून का, ते पुढं वाचाल तेव्हा कळेलच.)

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम खरंच करता, की करतो म्हणून वहिनींना नुसतं सांगता? वहिनींचा खोकला थांबला का? दुकानात सध्या घड्याळं येतात की लोक आता वेळ बघायलाही फोनच काढतात? माझ्या तब्येतीचं विचाराल तर मी ठणठणीत आहे. गुडघेसुद्धा ठणठणीत आहेत. हे मुद्दाम लिहितोय, कारण गेली कित्येक वर्षं मी तुमच्यासकट सगळ्यांना माझे गुडघे गेलेत असं सांगत आलोय. ते साफ खोटं होतं. फरशी बसवणारा माणूस म्हटलं की गुडघे दुखणारच, हे कुणालाही पटतं, आणि मी त्याचा यथेच्छ फायदा घेतला. तुम्ही स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यानं पोस्टात जाऊन मला मलमाची डबी पाठवली होतीत, ती अजून उघडलेलीसुद्धा नाही. परत आणून देईन. तुम्हाला उपयोगी पडेल.

पत्र का लिहितोय, फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. फोन केला होता, तीनदा. तिन्ही वेळा वहिनींनी उचलला, तिन्ही वेळा मी तिकडे हवा कशी आहे ते विचारलं आणि ठेवून दिला. (एव्हाना वहिनींना वाटत असेल की मी वेधशाळेत लागलो.) बोलायचं होतं तुमच्याशी, आणि खरं म्हणजे तुमच्याशीही नव्हतं. पण तोंड उघडलं की लाज वाटते. कागदाला निदान माझं तोंड दिसत नाही.

तुमच्या बहिणीनं तुम्हाला काय सांगितलंय, त्याचा मला अंदाज आहे. पाय मुरगळला, चार दिवस आराम करायला आले, एवढंच ना? तिला मी चांगला ओळखतो, ती माझ्याबद्दल वाकडा शब्द काढायची नाही. आज बारावा दिवस आहे, दादा. तिचा पाय मुरगळलेला नाही. जे काही झालंय ते माझ्या पायांनी केलंय आणि उरलेलं माझ्या जिभेनं.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो, थोडं पाल्हाळ होईल, पण तुम्ही घड्याळाचे दोनशे भाग टेबलावर मांडून बसणारे, तुम्हाला कंटाळा येणार नाही. तुम्हाला ठाऊकच आहे की कुठल्याही समारंभात जोडीजोडीनं नाच सुरू झाला की आम्ही दोघं खुर्चीवर बसतो. ती पर्स मांडीवर घेऊन बसते, चेहरा अगदी बँकेत नंबर लागायची वाट बघणाऱ्यासारखा, पण टेबलाखाली तिचं पाऊल चालू असतं. ते मी पहिल्या वर्षापासून बघतोय. आणि पहिल्या वर्षापासून मी गुडघ्याला हात लावून चेहरा वेडावाकडा करतोय. का? तर मला नाचता येत नाही, आणि चार लोकांसमोर येत नाही हे दिसलेलं मला चालत नाही, एवढंच. दुसरं कारण शोधून सापडलं नाही.

तर ती ज्या लॉन्ड्रीत काउंटर सांभाळते, त्या लॉन्ड्रीला पंचवीस वर्षं झाली म्हणून मालकीणबाईंनी हॉल घेऊन पार्टी ठरवली. वाजवणारे येणार, नाच होणार. दीड महिना आधी एका सकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, एकच गाणं नाचू, मग बसू. मी गुडघ्याला हात लावला. ती ‘बरं’ म्हणाली आणि घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा त्याची घडी घालू लागली. भांडली असती तर मी निभावून नेलं असतं, तिच्या ‘बरं’पुढं माझं काही चालत नाही. त्याच आठवड्यात मी गुपचूप नाचाच्या क्लासला नाव घातलं. म्हटलं, पार्टीत उठून एकदम हात पुढं करू, बघतच राहील. (बघत राहिली. त्याबद्दल पुढं.)

क्लास रंगाच्या दुकानावरच्या मजल्यावर, मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा. फरशी बरी आहे, फक्त खिडकीजवळच्या तीन पोकळ वाजतात. शिकवणारे गृहस्थ रिटायर्ड वाहतूक पोलीस. गळ्यात अजून शिट्टी असते आणि हात वर केला की आम्ही सगळे जागच्या जागी गोठतो. त्यांच्या मते जोडीच्या नाचात एक ड्रायव्हर असतो आणि एक पॅसेंजर. पहिला धडा म्हणजे चौकोन. ड्रायव्हरनं डावा पाय पुढं, उजवा बाजूला, डावा जवळ. मग उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जवळ. चौकोन पुरा. पॅसेंजरनं याच्या बरोबर उलट, म्हणजे सुरुवात उजवा पाय मागे. एक दोन तीन, एक दोन तीन, बस्स, एवढंच. तुमच्या लंबकाला जे जन्मतः येतं ते आम्ही बारा मोठी माणसं घाम गाळून शिकत होतो.

बारा म्हणजे नऊ पुरुष आणि तीन बायका. त्यामुळं पुरुषांतल्या तिघांनी दंडाला रुमाल बांधून पॅसेंजर व्हायचं ठरलं. आता दादा, आमचा धंदा तुम्ही जवळून पाहिलाय. तुमच्या घरातल्या फरशा मीच बसवल्यात. आम्ही समोरच्या भिंतीपासून सुरू करतो, दोरी ताणतो, फरशी ठेवतो, रबरी हातोडीनं ठोकतो, लेव्हल बघतो, आणि एक फरशीभर मागे सरकतो. असं करत करत दारापर्यंत येतो, दारातून पाठीनंच बाहेर पडतो आणि दार लोटून घेतो. ताज्या फरशीवर पुढं पाऊल टाकणं म्हणजे आमच्यात गुन्हा. तीस वर्षं मी प्रत्येक खोलीतून पाठीनं बाहेर पडलोय. साहजिकच पहिल्याच दिवशी मी असा काही मागे गेलो की मास्तरांनी शिट्टी वाजवून क्लास थांबवला आणि सगळ्यांना म्हणाले, मागे कसं जायचं ते यांच्याकडून शिका. दादा, चोपन्नाव्या वर्षी मला कुणीतरी कशात तरी शाबासकी दिली. मी स्वतःच्या हातानं दंडाला रुमाल बांधला.

माझा ड्रायव्हर म्हणजे गॅसचे सिलिंडर पोचवणारा एक धिप्पाड माणूस. त्याचा पंजा माझ्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, असा बसायचा की मी मागे जाऊन जाऊन किती जाणार. सहा आठवडे आम्ही दोघं फिरत होतो, आणि खोटं कशाला सांगू, छान फिरत होतो. मधूनच मनात यायचं की अरे, आपल्याला पार्टीत ड्रायव्हर व्हायचंय. पण मी स्वतःची समजूत घालायचो की त्यात काय, डिझाइन उलटं बसवायचं झालं. उलटी डिझाइनं मी शेकड्यानं बसवलीत. मास्तरांना सांगून ड्रायव्हरकीही शिकून घ्यावी, एवढं साधं सुचलं नाही. सुचलं होतं, पण मग तिथंही येत नाही हे दिसलं असतं आणि शाबासकी गेली असती. घरी मी एका बँकेच्या बाथरूमचं काम घेतलंय म्हणून सांगितलं होतं.

पार्टीचा दिवस. शनिवार. गाणं सुरू झालं, दोनचार जोड्या उठल्या, हिचं पाऊल टेबलाखाली चालू झालं. मी उठलो, कोट सारखा केला आणि हात पुढं केला. दादा, तिचा तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिनं आधी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पर्स शेजारच्या बाईंच्या मांडीवर ठेवून दिली, त्या बाई ओळखीच्याही नव्हत्या. मधोमध जाऊन उभे राहिलो. एक हात तिच्या पाठीवर, एका हातात हात. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यातलं उलटं डिझाइन, सुलटं डिझाइन, सगळं पुसून गेलं, आणि उरलं एकच: उजवा पाय मागे. मी मागे गेलो. त्याच ठेक्याला तीही मागे गेली. दोघांच्या मधे दोन्ही हात ताणले गेले, कपडे वाळत घालता आले असते.

मला वाटलं, बिचारी घाबरून मागे सरली. म्हणून मी तिला ओढली आणि पुन्हा मागे गेलो. चौकोनाचा पुढचा भाग मी करत होतो, नाही असं नाही, पण पाठीवर सिलिंडरवाल्याचा पंजा नव्हता. मागे दोन फूट, पुढं सहा इंच, या हिशेबानं कुठलाही चौकोन दाराकडेच जातो. ती माझ्यामागून, म्हणजे माझ्यासमोरून, फरफटत येत होती, आणि हळू आवाजात, अहो, अहो, थांबा, म्हणत होती. मी मोजत होतो, त्यामुळं ऐकू आलं नाही. आठव्या चौकोनाला मी पाठीनं हॉलचं दार उघडलं आणि दारामागं जी ग्लासांची ढकलगाडी होती तिच्यात जाऊन बसलो. अक्षरशः बसलो. वाजवणारे थांबले. दीडशे माणसं दाराकडे बघत होती.

आता जे सांगायचंय त्यासाठीच हे पत्र, आणि इथवर मी तेच टाळत आलोय. एकजण हसला. मग बरेच हसले. आणि मी उठून, अंगावरचं सरबत झटकत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो की मी सहा आठवडे क्लास केलाय, हिलाच येत नाही, हिनं पाऊल चुकवलं. असं म्हणालो मी. तिच्या कामाच्या ठिकाणच्या लोकांसमोर. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहून हसली आणि म्हणाली, हो, माझंच चुकलं. खाली वाकून तिनं दोन ग्लासांच्या काचा उचलल्या, परक्या बाईंकडून पर्स घेतली, आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बॅग भरताना ती एवढंच बोलली. तुम्हाला ठाऊक आहे, डाग बघून ती माणसाचा दिवस सांगते. म्हणाली, सहा आठवडे मंगळवारी, शुक्रवारी तुमच्या पँटला सिमेंट नसायचं आणि शर्टाच्या पाठीवर गंजाचा मोठा पंजा असायचा. मला वाटलं फरशीचं काम मिळेनासं झालंय आणि तुम्ही लोखंडाच्या गोदामात ओझी उचलायला जाताय, आणि मला सांगायची लाज वाटतेय. म्हणून विचारलं नाही. पार्टीसाठी नव्या चपला बघून ठेवल्या होत्या, त्या राहू दिल्या. गंज काढायचं औषध लावून शर्ट धुवत होते. मग तिनं बॅगेची चेन लावली. दादा, ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं आणि अजून वाटतं.

एवढं होऊनही मी मनातल्या मनात स्वतःला सोडवत होतो. म्हणत होतो, आपलं चुकलं, पण तिलाही येत नव्हतंच की. माणूस किती नालायक असतो बघा. (सगळी माणसं म्हणत नाही, मी.) मग सहाव्या दिवशी मालकीणबाईंचा निरोप आला की हिचा चष्मा काउंटरच्या खणात राहिलाय, घेऊन जा. गेलो. मालकीणबाई फोनवर होत्या, त्यांनी हातानंच आत जा म्हणून खूण केली. त्या काउंटरच्या आत मी बावीस वर्षांनी पाऊल टाकलं. ती फरशीही माझीच. तेव्हा ते काम करतानाच हिच्या नोकरीचं जमलं होतं, आठवतंय ना? काम मात्र चोख झालंय, एक कोपरा उचललेला नाही. खण उघडताना सहज खाली नजर गेली तर मधल्या चार फरशांचं पॉलिश उडालेलं. आता काउंटरमागं माणूस उभा राहतो तिथं फरशी झिजते, ते वेगळं, ती झीज लांबट असते, काउंटरला समांतर. ही तशी नव्हती. चार ठिकाणी चार ठसे, चौकोनात, आणि मागचा उजवा सगळ्यात खोल.

मग चष्मा खिशात टाकला आणि त्या ठशांवर पाय ठेवून बघितले. उजवा मागे. डावा बाजूला. उजवा जवळ. डावा पुढं. पाय मोठे पडत होते, पण बाकी तंतोतंत. दादा, दुसरा कुठलाही नवरा असता तर त्याला त्यात काही दिसलं नसतं. मला दिसलं, कारण मी सहा आठवडे दंडाला रुमाल बांधून हेच शिकलो होतो. मालकीणबाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, दोन ते तीन गिऱ्हाईक नसतं ना, मग ती कुणाचा तरी कोट हँगरसकट धरते आणि स्वतःशीच गुणगुणत असते. मी विचारलं, कधीपासून? त्या म्हणाल्या, आली तेव्हापासून.

म्हणजे त्या हॉलमध्ये तिनं पाय बरोबर टाकला होता. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या कोटांबरोबर सराव केलेला तो पाय, पहिल्यांदाच खऱ्या माणसाबरोबर टाकला, बरोबर टाकला, आणि त्या खऱ्या माणसानं सगळ्यांसमोर सांगितलं की हिनं चुकवलं. आणि ती हो म्हणाली. मी तिथंच काउंटरमागं खाली बसलो. एक गिऱ्हाईक आलं आणि ब्लँकेट मागू लागलं. मी बसल्या जागेवरून हाताला लागेल ते काढून दिलं. (ते भलत्याचंच होतं. मालकीणबाईंनी निस्तरलं.) तो माणूस विचारत होता की तुम्हाला बरं नाही का. मी गुडघ्याला हात लावला. सवय, दुसरं काय.

त्याच शुक्रवारी क्लासला जाऊन मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी शिट्टी वाजवली नाही. रुमाल सोडून घेतला आणि सिलिंडरवाल्याच्या दंडाला बांधला. तेव्हापासून मी ड्रायव्हर आहे. डावा पाय पुढं. ऐकायला सोपं आहे, पण समोर माणूस उभा असतो आणि त्याच्या पायाच्या जागी आपला पाय टाकायचा असतो. माझा पाय उचलतो आणि हवेत राहतो. सगळी फरशी ताजी वाटते. सिलिंडरवाला मागे जायची वाट बघत थांबतो आणि म्हणतो, या हो, मी सरकतो ना. (त्यालाही मागे जाणं जड जातंय. परवा म्हणाला, तुम्ही हे सहा आठवडे कसं केलंत?) आता वीस चौकोनांतले चौदा जमतात. उरलेल्या सहांत मी अजून दाराकडे निघतो. मास्तर मग हात वर करतात.

तर अशी सगळी हकीकत आहे. रागवायचं तेवढं रागवा, मी रागवण्याजोगाच आहे. वहिनींना नमस्कार. तुमच्या बहिणीला काय सांगावं ते मला कळत नाही, म्हणून काही सांगत नाही.

तुमचा,
(ती म्हणेल तोवर) मेहुणा

ता. क. तुमच्या बाथरूमचं पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येतं, ते प्लंबरमुळं नाही. उतार मी चुकवला होता. अकरा वर्षं तुम्ही त्या प्लंबरशी बोलत नाही. आता बोला त्याच्याशी.

ता. क. दुसरा: वर ‘काही सांगत नाही’ लिहिलंय, ते खरं नाही. हे सगळं पत्र तिच्यासाठीच आहे. तिच्या नावानं लिहिलं असतं तर तिनं न फोडता पर्समध्ये ठेवलं असतं. तेव्हा कृपा करून हे मोठ्यानं वाचा, ती शेजारच्या खोलीत असताना, दुपारी दोन ते तीनच्या मधे. तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून मोठ्यानं वाचतोय असं दाखवा. ग्लास फुटतात तिथं थांबू नका, पुढं वाचत राहा.

ता. क. तिसरा: रविवारी चार वाजता मी येतोय. तिचा चष्मा आणि चपला घेऊन येतोय. (त्याच, तिनं बघून ठेवलेल्या. मालकीणबाईंना दुकान ठाऊक होतं.) ती नको म्हणाली तर चष्मा तुमच्याकडे देऊन परत जाईन, चहासाठी थांबणार नाही. पण ती हो म्हणाली तर पुढच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावून ठेवा. मधे सहा फरशा बाय सहा फरशा जागा मिळते, मला पाठ आहे. लंबकाचं घड्याळ चालू ठेवा, ठेक्याला तेवढं पुरेल. आणि एक विनंती: मी आत आलो की माझ्या पाठीमागं दार लावून घ्या, आणि कडी घाला. अजून विसातले सहा चुकतात.